परमुलखातली फजिती



न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्यात १८७५ साली वसंत व्याख्यानमाला सुरू केली, तेव्हापासून या व्यासपीठावर विद्वानांनी बोलावे आणि आपल्यासारख्यांनी सतरंजीवर बसून ऐकावे, असा शिरस्ता आहे. मी आजवर तो कसोशीने पाळला. प्रेसशॉपमध्ये हयात घालविलेला मी माणूस. प्रेस चालू असताना माणूस बोलत नाही, ओरडतो. तेव्हा मध्येच माझा आवाज चढला तर तो सवयीचा दोष समजून क्षमा करावी.

चिटणिसांनी मला विषय दिला तो "माझे परदेशातील अनुभव" असा. मी त्यांना म्हटले, "अहो, परदेशाची वर्णने करून आपल्या लेखकांनी कपाटे भरली आहेत. मी निराळे काय सांगणार?" तेव्हा ते म्हणाले, "तुमची फजिती सांगा." ही सूचना मला पटली. राजवाडे आणि पुतळे सर्वांना सारखेच दिसतात; फजिती मात्र ज्याची त्याची स्वतंत्र असते.

आपल्या या गावाला परका माणूस नवा नाही. फाळणीनंतर सिंधी निर्वासित आले आणि पिंपरी कॅम्प वसला. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स स्थापन झाली, १९६२ साली औद्योगिक विकास महामंडळ आले, आणि भोसरी-आकुर्डीच्या माळावर कारखाने उगवू लागले. दापोडी-चिंचवडकडे स्वीडिश कंपन्या आल्या, त्यांच्यामागून गोरे साहेब आले. सातारा, सांगली, मराठवाडा, खानदेश येथून तर आपणच आलो. १९७० साली नगरपालिका झाली, १९८२ साली महानगरपालिका झाली. या सभागृहात ज्यांचे आजोबा चिंचवडातच जन्मले अशांनी हात वर करावेत म्हटले, तर मोरया गोसावींच्या शेजारची चार घरे सोडून फारसे हात वर येतील असे मला वाटत नाही. तात्पर्य, आपण सगळे कुठून तरी आलेले. हे एवढे ध्यानात ठेवा; शेवटी मला त्याची गरज लागणार आहे.

मला कारखान्याने १९९६ साली एक वर्षाच्या शिक्षणासाठी जर्मनीत पाठविले. स्टुटगार्टजवळचे एक लहानसे गाव. तिथे एका सत्तरीकडे झुकलेल्या आजीबाईंच्या घरी वरच्या मजल्यावर मला खोली मिळाली. पुण्यात मॅक्स म्युलर भवनात तीन महिने जर्मन शिकून गेलो होतो. आकड्यांत मी वाकबगार होतो, कारण पंचवीसला जर्मन माणूस "पाच आणि वीस" म्हणतो, आणि आपल्या "पंचवीस"मध्ये तरी दुसरे काय आहे? इंग्रजीच्या वळणाने शिकलेले माझे सोबती इथे अडखळत. मी मराठीच्या जोरावर पुढे जाई. या यशाने मला गर्व झाला, आणि गर्वाचे घर कुठे असते ते आपण जाणताच.

पहिल्याच रविवारी आजीबाईंनी मला कॉफीला बोलावले. वेळ सांगितली, "हाल्ब फिअर". हाल्ब म्हणजे अर्धा, फिअर म्हणजे चार. मी हिशेब केला: साडेचार. मी वक्तशीर माणूस. बरोबर साडेचारला, भांग पाडून, दारावर टकटक केले. आजीबाईंनी घड्याळाकडे पाहिले, मग माझ्याकडे पाहिले. जर्मन भाषेत "अर्धा चार" म्हणजे चाराकडे जाताना अर्ध्या वाटेवर, अर्थात साडेतीन! आपल्याकडे तासभर उशीर म्हणजे वेळेवरच येणे झाले. तिथे तेवढ्या वेळात कॉफी निवते आणि अब्रूही.

आत गेलो. टेबलावर सफरचंदाचा केक होता आणि माझ्या पोटात सकाळपासून काही नव्हते. आजीबाईंनी ताट पुढे केले. मी संकोचाने हसून म्हटले, "डांके". म्हणजे आभारी आहे. त्यांनी ताट मागे घेतले. मला वाटले, विसरल्या असतील. दहा मिनिटांनी पुन्हा ताट आले. मी पुन्हा "डांके" म्हटले. ताट पुन्हा गेले. मंडळी, त्या देशात कुणी पदार्थ पुढे केला आणि आपण नुसते "आभारी आहे" म्हटले, की त्याचा अर्थ "नको" असा होतो. हवे असेल तर आधी "हो, द्या" म्हणावे लागते. आणि आपली रीत कशी? पहिल्यांदा नको, दुसऱ्यांदा नको, तिसऱ्यांदा "बरं, एवढा आग्रहच आहे तर". तिथे पहिल्या नकारालाच खरे मानतात. एका दुपारी मी दोन देशांच्या शिष्टाचारांत सापडून उपाशी राहिलो.

पुढच्या खेपेला शहाणा झालो. रात्री जेवायला बोलावले, तेव्हा प्रत्येक गोष्टीला "हो, द्या" म्हणत गेलो. शेवटी खरोखरच पोट भरले. मी मराठीतून विचार करून जर्मनमध्ये बोललो, "मी भरलो आहे." जेवणाला आजीबाईंचे जावई आले होते. त्यांनी माझ्या पेल्याकडे पाहिले. त्यात पाणी होते. ते पुन्हा माझ्या तोंडाकडे पाहू लागले. "मी भरलो आहे" याचा तिकडे अर्थ "मला चढली आहे". एक वारकऱ्याचा मुलगा, देहूपासून चार कोसांवर वाढलेला, नळाच्या पाण्यावर झिंगला, ही बातमी दुसऱ्या दिवशी आमच्या सबंध खात्यात पसरली.

आणखी एक गोष्ट सांगतो. एका सोमवारी माझ्या खोलीच्या दाराच्या मुठीला एक लाकडी पाटी लटकलेली दिसली. तिच्यावर लिहिले होते, "केरवोखे". मला वाटले, शेजाऱ्याची पाटी चुकून इथे आली. मी सौजन्याने ती समोरच्या बिऱ्हाडाच्या दाराला अडकविली. संध्याकाळी ती माझ्या दाराला परत! पुन्हा मी ती समोर नेली. तीन दिवस ही पाटी न बोलता इकडून तिकडे जात होती. चौथ्या दिवशी आजीबाई जिना चढून आल्या आणि त्यांनी माझ्या हातात झाडू दिला. त्या मुलखात जिना, अंगण आणि दारापुढचा रस्ता झाडण्याची पाळी दर आठवड्याला एकेका बिऱ्हाडाकडे जाते, आणि ज्याची पाळी त्याच्या दाराला ती पाटी. "वोखे" म्हणजे आठवडा, आणि "केर" म्हणजे, योगायोग पाहा, झाडणे! इतका सरळ मराठी शब्द मला तीन दिवस कळला नाही. तो जिना मी इतका मन लावून झाडला, की घरी कळले असते तर परत आल्यावर माझी सुटका नव्हती.

आजीबाई माझ्या प्रत्येक चुकीला हसत. मनमोकळेपणाने, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसत. पण मौज अशी की, मला त्याचे कधी वाईट वाटले नाही. याचे कारण मला फार उशिरा कळले. त्यांची एक पद्धत होती. आधी हसायचे, मग डोळे पुसून बरोबर शब्द सांगायचा, मी तो नीट म्हणेपर्यंत थांबायचे, आणि मग स्वतःची एक फजिती सांगायची.

त्यातली एक मी विसरलो नाही. आजीबाई मूळच्या त्या गावच्या नव्हत्याच. त्यांचा जन्म बोहेमियातला, म्हणजे आजच्या चेक देशातला. महायुद्धानंतर तिथल्या लाखो जर्मन भाषिकांना देश सोडावा लागला. त्यात १९४६ साली ही मुलगी आईबरोबर एक बोचके घेऊन या गावी आली. भाषा जर्मनच, पण बोली निराळी. बटाट्याला त्यांच्याकडे म्हणत "जमिनीतले सफरचंद". मुलगी दुकानात गेली, "जमिनीतली सफरचंदे द्या" म्हणाली, आणि दुकानातली सगळी माणसे हसली. "आणि या गावातले लोक बटाट्याला काय म्हणतात ठाऊक आहे?" आजीबाईंनी मला विचारले. "जमिनीतले नाशपती! आता सांग, सफरचंद वेडे की नाशपती?" मी हसलो. त्याही हसल्या. मग थोड्या वेळाने म्हणाल्या, "त्या दिवसानंतर मी वर्षभर दुकानात गेले नाही. आईला पाठवायची."

मला तेव्हा पिंपरी कॅम्प आठवला. त्यांचे १९४६, आमचे १९४७. पण आठवला आणि विसरलो. माणूस दुसऱ्याचे दुःख ऐकून हळहळतो आणि घरी येऊन जेवतो, तसे झाले.

मी परत आलो. पुढे चाकणचा माळ बदलला. १९९९ साली तिथे बजाजचा कारखाना सुरू झाला, आणि २००९ साली फोक्सवॅगन व मर्सिडीज या दोन्ही जर्मन कंपन्यांचे कारखाने उभे राहिले. जर्मन आले, त्यांच्या जोडीला कोरियन आले, जपानी आले. मीही तोवर चाकणच्याच एका कारखान्यात प्रेसशॉपचा प्रमुख झालो होतो. आम्हांला एक तरुण जर्मन इंजिनियर दोन वर्षांसाठी मिळाला, आणि मला जर्मन येते म्हणून तो माझ्या पदरी पडला. आता हसण्याची पाळी माझी होती!

संग्रामदुर्गावर फिरंगोजी नरसाळ्याने १६६० साली शाहिस्तेखानाच्या फौजेला जवळजवळ दोन महिने थोपवून धरले. ती कामगिरी अलीकडे चाकणचा तळेगाव चौक एकटा पार पाडतो. हा गडी पहिल्याच दिवशी तो चौक ओलांडायला गेला. त्याच्या गावी रात्री अकरा वाजता, रस्त्यावर चिटपाखरू नसताना, लोक लाल दिव्यापाशी उभे राहतात. हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. तो उभा राहिला. वीस मिनिटे उभा होता. शेवटी फुलांची पाटी घेऊन बसलेली एक म्हातारी उठली, तिने याचे मनगट धरले, दुसरा हात कंटेनरच्या तोंडासमोर उगारला आणि "चल रे बाबा" म्हणून त्याला पलीकडे नेऊन सोडले. तो कारखान्यात आला तो विचारात पडलेला. "तुम्ही मला शिकविलेत की अनोळखी माणसाला 'तुम्ही' म्हणतात. ती बाई मला 'तू' म्हणाली. माझे काही चुकले का?" मी म्हटले, "नाही बाबा, तुझे भाग्य उजळले. आम्ही साहेबाला 'तुम्ही' म्हणतो. आईला आणि विठोबाला 'तू' म्हणतो." तो म्हणाला, "देवाला आम्हीही 'तू'च म्हणतो." तेवढ्यावर आमची मैत्री जमली.

मराठी शिकायचा त्याने ध्यास घेतला होता, आणि मराठीने त्याचा पिच्छा पुरविला. संध्याकाळी सहाला आमचे भांडारवाले त्याच्या खोलीत डोकावून म्हणत, "येतो साहेब." हा कॉफीचे दोन पेले भरून साडेसातपर्यंत वाट पाहत बसे. माणूस "येतो" म्हणून निघून जातो, ही गोष्ट त्याला महिनाभर उलगडली नाही. सुटे भाग कधी, असे विचारले तर उत्तर आले, "परवा." त्याने वहीत शुक्रवार लिहिला. भाग सोमवारीच येऊन पडले होते! झालेला परवा आणि होणारा परवा यांना आपल्या भाषेने एकच शब्द दिला आहे, आणि आपले त्यावाचून कधी अडले नाही.

होळीला मी त्याला घरी जेवायला नेले. त्याच्या देशात ताटात काही टाकणे हा असभ्यपणा. आमच्या आईच्या मते रिकामे ताट म्हणजे पाहुणा उपाशी. याने पोळी संपविली की आई दुसरी वाढी. ती वाढी की हा संपवी. तो "पुरे" म्हणे, तर आई म्हणे, "लाजू नकोस रे बाळा." सातव्या पोळीला त्याने माझ्याकडे असे पाहिले, की मला माझा सफरचंदाचा केक आठवला. मी कानात सांगितले, "अर्धी ताटात ठेव." त्याने ती ठेवली, आणि दोन्ही देशांत तह झाला.

ज्येष्ठात तुकोबांची पालखी देहूहून निघून आकुर्डीला मुक्कामी येते, तेव्हा मी त्याला दर्शनाला नेले. तासाभराने तो म्हणाला, "यांच्यात 'माउली' हे नाव फार दिसते. बायकांचेही तेच, पुरुषांचेही तेच." मी त्याला अर्थ सांगितला. त्यावर त्याने पुढे येणाऱ्या एका म्हाताऱ्या वारकऱ्याला "माउली" म्हणून वाकून नमस्कार केला. वारकरी उलट याच्याच पाया पडला. आणि आता कुणी आधी उठायचे, या पेचात दोघेही काही वेळ वाकूनच राहिले.

मंडळी, इथपर्यंत आपण हसलात. आता एक गोष्ट सांगतो, तिला हसू नका. ती माझी आहे.

त्या वर्षी खंडेनवमीला आम्ही यंत्रांची पूजा केली. प्रेसना झेंडूच्या माळा घातल्या, नारळ फोडले, पेढे वाटले. आमच्या जर्मन मित्राने ध्वनिक्षेपक हाती घेतला आणि पाठ केलेले भाषण सुरू केले, "नमस्कार. माझी नाव..." पुढे त्याने स्वतःचे नाव सांगितले. "माझी नाव" म्हणजे माझी होडी! सगळे हसले, आणि लगेच टाळ्यांचा असा कडकडाट झाला की त्याला पुढे बोलता येईना. परका माणूस, पण आपल्या भाषेत बोलतो, याचे प्रत्येकाला कौतुक वाटले. ते योग्यच होते.

नंतर वर्षभर एकही खाडा न केल्याबद्दल एका मुलाला बक्षीस द्यायचे होते. बिहारकडचा मुलगा, वीस-एकवीस वर्षांचा, कंत्राटदाराकडून कामाला आलेला. मीच त्याला म्हटले, "तुझं नाव सांग सगळ्यांना." तो घाबरत म्हणाला, "माझा नाव..." पुन्हा हशा झाला. टाळ्या झाल्या नाहीत. आणि मी, पदवीने आणि वयाने मोठा असलेला मी, ध्वनिक्षेपकावर त्याची नक्कल केली: "माझा नाव! अरे, मराठी शिक की जरा!" हशा दुप्पट झाला. तो पाकीट घेऊन खाली उतरला.

चूक दोघांची एकच होती. एकाने लिंग स्त्रीचे केले, दुसऱ्याने पुरुषाचे. एक चार्टर विमानाने आला होता म्हणावा इतक्या दिमाखात, आणि दुसरा आगगाडीत दाराशी बसून. एवढाच काय तो व्याकरणातला फरक.

दोन महिन्यांनी रात्रपाळीत एका हायड्रॉलिक प्रेसचा तेलाचा नळ सांध्यापाशी फुटला. गरम तेलाची चिळकांडी उडाली आणि आमच्या एका जुन्या कामगाराचा हात भाजला. दैव बलवत्तर, हात पंधरा दिवसांत बरा झाला; डोळ्यांवर आले असते तर काय झाले असते, ते बोलवत नाही. चौकशीत कळले की तो बिहारी मुलगा त्याच प्रेसवर मदतनीस होता, आणि सांध्यातून तेल पाझरते आहे हे त्याने दोन दिवस आधी पाहिले होते. मी त्याला बोलावून रागाने विचारले, "मग सांगितलं का नाहीस?" तो खाली मान घालून म्हणाला, "बोलना था साहब. पर आप लोग हँसते हैं।"

मला त्या क्षणी बोहेमियातून आलेली ती मुलगी आणि ते बटाट्याचे दुकान आठवले. बारा-तेरा वर्षांपूर्वी ऐकलेली गोष्ट त्या दिवशी कळली. माणूस हसे होण्याच्या भीतीने गप्प बसला, की नुसता शब्द राहून जात नाही. कधी बटाटे राहतात, कधी तेलाच्या नळाची खबर राहते.

दुसऱ्या दिवशी मी त्या मुलाची क्षमा मागितली. तो "कुछ नहीं साहब" म्हणाला आणि कामाला लागला. आमची काही मैत्री झाली नाही. तो पुढे छठला गावी गेला तो परत आमच्या कारखान्यात आला नाही. भोसरीत की रांजणगावात लागला, ठाऊक नाही. तेव्हा या गोष्टीला गोड शेवट नाही, आणि मी तो लावणारही नाही. एवढे मात्र केले, की नवी माणसे आमच्या खात्यात आली की पहिल्या दिवशी मी त्यांना माझी नळाच्या पाण्यावर झिंगल्याची गोष्ट सांगू लागलो. साहेबाची फजिती एकदा ऐकली की माणसाची जीभ सैल होते, असा माझा अनुभव आहे.

हसणे वाईट, असे मी म्हणणार नाही. तसे म्हटले तर तासभर आपण जे केलेत त्याचे प्रायश्चित्त घ्यावे लागेल. भाषा चुकली की हसू येणारच, ते यावे. पण आजीबाईंच्या रीतीतल्या पुढच्या दोन पायऱ्या आपण विसरतो. बरोबर शब्द सांगावा, आणि आपलीही एखादी चूक सांगावी. आपल्या सोसायटीच्या फाटकावरचा रखवालदार, भाजीवाला, मुलांच्या वर्गात नव्याने आलेली मुलगी, हे आपल्याशी मोडकेतोडके मराठी बोलतात, ते आपल्या दारी येऊन "हाल्ब फिअर"चा अर्थ विचारत असतात. मराठी वाढावी म्हणून आपण सभा भरवितो; आणि जो ती बोलू पाहतो, त्याला पहिल्याच वाक्याला गप्प करतो. हा हिशेब काही जुळत नाही.

माझा वेळ संपला. अध्यक्षांनी घड्याळाकडे पाहिले, तेव्हा मला त्या रविवारच्या आजीबाई आठवल्या.  जर्मन मित्र गोंधळला तरी चालेल, पण मी आपला निरोप आपल्याच रीतीने घेतो.

येतो.